गोपिका नाही म्हणाली तेव्हा

हुडकेश्वरची दामिनी गणवीर नर्स आहे. विद्यापीठाच्या संशोधन प्रकल्पात काम करते. गरोदर बाईच्या अंगात रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या बऱ्या की सलाईनमधून दिलेलं लोह बरं, हे त्या प्रकल्पात तपासायचं होतं. कोणाच्या वाट्याला काय येणार ते कॉम्प्युटर ठरवायचा. डॉक्टरांच्याही हाती ते नव्हतं. हिंगण्यापलीकडच्या गावांत स्कूटीनं फिरायचं, बायकांना हे सगळं नीट समजावायचं आणि त्यांची संमती घ्यायची, हे दामिनीचं काम.

एका घरी गोपिका होती, पाच महिन्यांची गरोदर. नवरा रोशन एमआयडीसीत कामाला गेलेला. सासू बायजाबाईंनी दामिनीला पुरतं बोलूही दिलं नाही.

"आमची हो आहे. कुठं सही करा लागते, सांगा."

"काकू, हो तिनं म्हणायचं आहे," असं म्हणत दामिनी गोपिकाला घेऊन अंगणात बसली. सगळं सांगून झाल्यावर गोपिका हळूच म्हणाली, "ताई, मले नाही यायचं यात."

"काहून वं?"

"माही मोठी बहीण बाळंतपणात गेली. हाताले सलाईन तशीच लागलेली होती. मले लय भेव वाटते."

दामिनीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "नको तर नको. तुही दवाखान्यातली तपासणी, गोळ्या, काही बंद होणार नाही."

बायजाबाई फणफणल्या. प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. अरुंधतींनाही वाईट वाटलं, कारण त्या महिन्यात बायका कमी पडत होत्या. "सासू तर तयार होती ना?" त्यांनी विचारलं.

"होती मॅडम. पण सुई सासूच्या हाताला टोचणार नव्हती."

मॅडम हसल्या. "खरं आहे," म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच मिटला.

गोपिका आता दामिनीच्या कामाची राहिली नव्हती. तरी त्या गावात गेली की दामिनी तिच्याकडे डोकवायची. गोळी चहासोबत घेऊ नको, लिंबूपाण्यासोबत घे, असं सांगायची आणि पुढच्या घरी जायची.

आठव्या महिन्यात भर दुपारी गोपिकाचा फोन आला. "ताई, डोकं फुटून राहिलं. डोळ्यापुढं अंधुक दिसते." घरात सगळे म्हणत होते, ऊन लागलं असेल. दामिनी हातातलं काम टाकून पोचली. बीपी भलतंच वाढलेलं होतं. तिनं एकशे आठला फोन लावला आणि अँब्युलन्समध्ये बायजाबाईंसोबत स्वतःही चढली.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात सिस्टर सुई घेऊन आली, तशी गोपिकानं हात छातीशी ओढून घेतला. बायजाबाई तिच्यावर ओरडू लागल्या. दामिनी वाकून तिच्या कानाशी बोलली, "तेव्हा मीच म्हटलं होतं, नको तर नको. आज मी म्हणून राहिली, घे. हे औषध नाही गेलं तर तुले झटके येऊ शकतात. मी हलत नाही इथून."

गोपिकानं तिच्याकडे पाहिलं. "तवा तू जबरदस्ती नाही केली," ती म्हणाली आणि हात पुढं केला.

संध्याकाळी मुलगी झाली. अपुऱ्या दिवसांची, मुठीएवढं तोंड. गोपिकाचं बीपी उतरायला वेळ लागला, पण उतरलं. तोवर बाळाला ऊब हवी होती, उघड्या छातीशी धरून. सिस्टरनं विचारलं, घरातलं कोण धरणार?

बायजाबाई आधी लाजल्या. मग पडद्याआड बसून त्यांनी नातीला छातीशी घेतलं, वरून लुगडं ओढलं. अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. दामिनी हाताशी असलेल्या वहीनं वारा घालायला लागली, तर त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "वारा नको घालू वं, पोरगी झोपून राहिली."