कस्तुराबाईची मिसल

कस्तुराबाईनं एकच केलं. डाकदराला पाय दाखवला. तेवढ्यावरून आमच्या गावानं तिचं पाणी तोडलं, आन् आता त्याच गावातले लोक म्हणायलेत, "बाई बिचारी लय चांगली होती." चांगली होती म्हणं! जित्तेपणी एक घागर दिली न्हाई मुडद्यांनी, आन् आता चांगली.

मी धुरपताबाई. माझं आन् तिचं घर भिंतीला भिंत लागून. ती मला धुरपे म्हणायची, मी तिला वैनी म्हणायची. पिंगळीच्या टेशनापासून कोसभर आत आमची धामणवाडी. राज निजामाचं. वैनीचं माहेर पूर्णेकडलं. बाप रेल्वेच्या रुळावर कामाला, म्हणून टोपीवाला सायेब दिसला की आमच्यासारखी ती भिंतीआड पळत नव्हती. उंच बाई, आवाज मोठा, डोक्यावर दोन घागरी आन् कमरेला तिसरी. लेकरूबाळ न्हाई. नवरा मुंजाजी, गाईसारखा गरीब. बारवेत पाण्याला सगळ्यात आधी तीच उतरायची. घागरी भरून झाल्या तरी खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसायची आन् म्हणायची, "धुरपे, सासरात मला एवढीच जागा माझी वाटती बघ."

ती बारव मोठी, चहूकडून पायऱ्या. दोरी न्हाई, रहाट न्हाई. खाली उतरायचं, घोटाभर पाण्यात उभं राहायचं, घागर बुडवायची. आन् उन्हाळा लागला की अर्ध्या गावाला नारू. पायाला फोड यायचा, लय आग व्हायची, फोड फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा बाहेर डोकवायचा. त्याला काडीला गुंडाळायचं, रोज थोडा थोडा वढायचा. तुटला तर पाय सुजून म्हातारा होईस्तोवर लंगडायचं. आग व्हायली की बाया काय करायच्या? बारवेच्या पाण्यात पाय बुडवून बसायच्या. गार वाटायचं ना.

अशातच हैदराबादेवरून डाकदर बन्सीधर आला. गोरा, चष्म्याचा, कायस्थ होता म्हणं, बोलणं सगळं उर्दूत. चावडीपुढं खुर्ची टाकून बसला. म्हणला, ज्याला नारू हाय त्यानं दाखवा. माय माय! बायांनी लुगडी घोट्याखाली वढली. छबूबाई, म्हंजी पाटलीण, किशनराव पाटलाची बायको, तिच्या एका पायात दोन निघालेले. ती म्हणली, "आमच्यात असलं काई न्हाई." आन् लंगडत घरात गेली.

कस्तुरावैनी पुढं झाली. दगडावर पाय ठिवला. "बघा सायेब. हा काय, काडीला बांधून ठिवलाय."

डाकदरानं परातीत पाणी वतलं, तिचा पाय त्यात ठिवायला लावला. जरा वेळानं किड्याच्या तोंडातून दुधासारखं पांढरं पाण्यात उतरलं. त्यानं ते पाणी काचेच्या नळीत घेतलं, सगळ्याला दाखवलं. म्हणला, यात याची पिल्लं हायत, डोळ्याला दिसत न्हाईत. हे पाणी जो पिईल त्याच्या पायात पुढल्या साली नारू. म्हणून नारूवाल्यानं पाण्यात पाय घालू नका आन् पाणी फडक्यानं गाळून प्या. किती सोपी गोष्ट! पण ऐकतंय कोण, सगळ्यांचं ध्यान वैनीच्या उघड्या पोटरीकडं.

मग डाकदर तिचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, वय, सगळं लिवायला लागला. वैनीनं इचारलं, "सायेब, माझं नाव कामून लिवायलाव?"

तो हसला. "बाई, हम लोग पहले बात लिखते, फिर किसी एक का हाल लिखते. सिर्फ बात लिखे तो कोई मानता नहीं. एक पांव दिखाना पड़ता."

वैनीला केवढा आनंद झाला! आठ दिवस गावभर सांगत फिरली, "मी न्हाई गेले तर न्हाई, माझा पाय हैदराबादेला चाललाय."

पाऊस सरून थंडी पडली तवा तहसिलीतून छापील कागद आला. डाकदरानं लिवलेला, उर्दूत, दगडी छापाचा, अक्षरं पुसटलेली. पटवारी दिनकररावांनी चावडीत सगळा गाव बसवला. दिनकररावांचं उर्दू म्हंजी कचेरीचं उर्दू. हयात गेली त्यांची मिसली बांधण्यात. कुणावर फिर्याद झाली, गुन्हा झाला, की त्याच्या नावानं कागदांचा गठ्ठा होतो, ती मिसल. बांधाची मिसल, चोरीची मिसल, मारामारीची मिसल. मिसल झाली म्हणलं की माणसाच्या तोंडचं पाणी पळायचं.

तर दिनकररावांनी वाचलं: ज्यांच्या पायाला नारू फुटलाय त्यांचं बारवेत उतरणं बंद करावं. पुढलं अक्षर पुसट. कागद उजेडाला धरला. आन् वाचलं: "मिसल. मुसम्मात कस्तुराबाई, जौजा मुंजाजी, साकिन धामणवाडी."

बाईला मुसम्मात, बायकोला जौजा, राहणाऱ्याला साकिन. हे शब्द आमी फकस्त समनावर ऐकलेले.

किशनराव पाटील म्हणले, "म्हंजी बारव हिलाच बंद?"

"कागदात नाव हिचंच हाय," दिनकरराव म्हणले. "बाकी कुणावर मिसल न्हाई."

झालं! छबूबाईचा जीव भांड्यात पडला. तिच्यासारख्या नारूवाल्या पंधरावीस बाया तिथंच बसल्या होत्या, सगळ्यांची सुटका झाली. एकटी वैनी उभी राहिली. "आवो मालक, डाकदर चांगला माणूस होता. माझ्यावर मिसल करायला मी त्याचं काय वाईट केलं?"

"ते तुला ठाऊक," दिनकरराव म्हणले. "सरकार उगं कुणाचं नाव छापत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून बारवेच्या वरच्या पायरीवर तिला अडवलं. नाव बी पडलं, मिसलबाई. लेकरं मागं लागायची, "मिसलबाई आली, मिसलबाई आली." तिच्या पायातला नारू कवाच निघून गेला होता, जखम भरली होती. ती पाय दाखवायची, "बघा की गं, काई न्हाई आता." कुणी बघत नव्हतं. मिसल पायावर न्हाई, नावावर होती.

मी होते तवर माझ्या दोन घागरीतली एक तिची. छबूबाईनं मला बी दम दिला. मी म्हणलं, "माझ्या डोक्यावरचं पाणी हाय, मी गटारात वतीन न्हाई तर वैनीच्या रांजणात, तुमच्या बापाचं काय जातंय?" मला कुणी अडवलं न्हाई. माझ्या तोंडाला भितात.

वैनीनं एकच धरलं, मिसल मिटवायची. मिसल मिटली की बारवेत उतरीन. एक दिवस भाकर बांधून ती पायी परभणीला गेली, तहसिलीच्या कचेरीत. कारकुनानं बिचाऱ्यानं दप्तर सोडून बघितलं आन् म्हणला, "बाई, तुमच्या नावाची मिसलच न्हाई इथं." परतीला ती पळतच आली असल. गावच्या शिवेपासून वरडायलीय, "न्हाई म्हणले! माझ्यावर मिसल न्हाई म्हणले!" तशीच चावडीत गेली. हसायलीय, डोळे पुसायलीय.

दिनकररावांनी ऐकून घेतलं. पान लावत म्हणले, "तहसिलीत न्हाई? मग वर गेली."

"वर म्हंजी?"

"हैदराबादेला. बडं प्रकरण असलं की मिसल वर जाते."

आन् लोकांनी माना हलवल्या! एवढी शहाणी माणसं, एकाला बी वाटलं न्हाई की नसल बाबा मिसल. सापडली असती तर गुन्हेगार, न सापडली तर मोठी गुन्हेगार. वैनी तिथंच खाली बसली. त्या दिवसापासून तिचा आवाज बारीक झाला.

उन्हाळा लागला आन् मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले. पुढचं मला मुंजाजीनं सांगितलं, रडत रडत. बापया माणूस असून रडला.

वैनी रोज बारवेच्या वर घागर घेऊन उभी राहायची. सगळ्यांचं भरून होईस्तोवर. कुणाच्या मनात आलं तर तांब्याभर वतायची, न्हाई तर न्हाई. छबूबाई पायाला चिंधी बांधून खाली पाण्यात बसायची आन् वर बघून म्हणायची, "मिसलबाई, मागं सरका, तुमची सावली पाण्यात पडायलीय." एक दिवस एकीनं भरलेली घागर तिच्यापुढं आणली. हिनं खुशीनं आपली घागर पुढं धरली. तिनं सगळं पाणी पायरीवर वतलं. बाया पोट धरधरून हसल्या. वैनीनं लुगड्याचा पदर त्या ओल्या दगडावर टाकला आन् घरी जाऊन पिळला. मुंजाजीनं ते डोळ्यानं बघितलं.

मग तो स्वतः घागर घेऊन गेला. बापयाच्या डोक्यावर घागर! बायांनी त्याला चुंबळ देऊ केली, काकणं देऊ केली. पाटलानं चावडीत बोलवून इचारलं, "मुंजाजी, लुगडं कवा नेसणार?" तो पुन्यांदा गेला न्हाई. गरीब माणूस म्हणलं ना मी. गरिबीचा बी कवाकवा राग येतो मला.

वैनीनं ओढ्यात झिरा उकरला. ढोरं बसायची ती जागा. हातभर खड्ड्यात जे गढूळ साचायचं ते ती वाटीनं भरायची. डाकदराचं ऐकलेली एकटीच ती, फडक्यानं गाळायची सुद्धा. पण ढोराचं मूत काय फडक्यात अडकतंय? हगवण लागली. तिसऱ्या दिवशी उठवंना. जीभ कोरडी पडली. मुंजाजीला म्हणली, "आवो, बारवेचं घोटभर आणा. तेवढंच." तो भर उन्हात तांब्या घेऊन पळाला. छबूबाई पायरीवर होती. म्हणली, "मिसलवाल्या घरचं भांडं बुडवायचं न्हाई." तो तसाच रिकामा माघारी आला. वैनीनं तांब्यात बघितलं. दिवस मावळायच्या आत गेली.

आता ऐका. मढ्याला आंघोळ घालायला पाणी पायजे. मुंजाजीच्या घरात थेंब न्हाई. लोकांनी दिनकररावांना इचारलं, काय करावं? दिनकरराव म्हणले, "माणूस मेला की मिसल खारीज होते. कायदाच हाय." झालं, लागल्या बाया उतरायला! घागरीवर घागर, घागरीवर घागर. छबूबाईनं स्वतःच्या हातानं दोन आणल्या. अंगणात चिखल झाला एवढं पाणी वतलं वैनीवर. माझ्या जिवाची आजबी आग होती हे सांगताना. मला तिथं असायला पायजे होतं, एकेकीच्या डोक्यात घागर घातली असती.

मी लेकरू घेऊन आले त्याच आठवड्यात डाकदर परत आला. गावात फिरला. नारू गेल्या सालापेक्षा जास्त. चक्रावला. चावडीत बसून इचारलं, "मैंने लिखा था ना, नारूवालों को बावड़ी में उतरने नक्को देव?"

दिनकरराव छाती काढून म्हणले, "हुकमाची तामील झाली हुजूर. कस्तुराबाईला कडक बंदी केली."

"और बाकी लोग?"

"बाकीच्यांवर मिसल नव्हती."

डाकदराला काई कळंना. त्यानं तो कागद मागवला. वाचला. डोक्याला हात लावला. "पटवारी साब, ये मिसल नहीं. मसलन है, मसलन! आखिर का अलिफ और उसके ऊपर की दो लकीरें छपाई में उड़ गईं." मग आमाला समजावलं. मसलन म्हंजी समजा, उदाहरण. आधी गोष्ट सांगायची, मग मसलन म्हणून एकाचं नाव घ्यायचं. त्या एकावरून सगळ्यांनी समजून घ्यायचं.

मी पदर खोचून पुढं झाले. "म्हंजी सायेब, तिचा गुन्हा काई नव्हता?"

"कुछ नहीं. किसी का भी नाम हो सकता था."

"मग ह्या छबूबाईचं लिवायचं होतं! दोन दोन नारू होते हिच्या पायात!"

डाकदर खाली बघून म्हणला, "उसने पांव दिखाया नहीं था, बाई."

छबूबाईनं लुगडं वढलं. तवा बी, सगळ्यांच्या देखत, घोट्याखाली वढलं.

डाकदरानं सगळी हकीकत इचारून घेतली. लिवून बी घेतली. मला वाटलं, चला, कुणी तरी वैनीचं लिवायलंय. पुढल्या साली दुसरा कागद आला. दिनकररावांनी पुन्यांदा गाव बसवला. ह्या खेपेला चष्मा पुसून, एकेक टिंब बघत वाचलं: खेड्यातल्या अडाणी लोकांना छापील सूचना देऊन उपयोग न्हाई, ते भलताच अर्थ काढतात. "मसलन, मुसम्मात कस्तुराबाई, जौजा मुंजाजी, साकिन धामणवाडी."

बरोबर वाचलं. एक अक्षर चुकलं न्हाई.

मुंजाजी दाराशी बसला होता. बायकोचं नाव ऐकलं तसा उठला, हात जोडले. म्हणला, "मालक, ती तर मेली. आता बारव कुणाला बंद करायची?"