आठवी ‘ब’ची बिनविरोध निवडणूक

माझ्या डोक्यात सध्या जो गोंधळ चालू आहे तो सांगायचा तर नागरिकशास्त्रापासून सुरुवात करावी लागेल, आणि नागरिकशास्त्र म्हटलं की माझं आधी डोकं फिरतं. आयुष्यभर हाच विषय शिकवला म्हणून फिरतं. इतिहासाच्या पुस्तकाच्या मागच्या पानांत, पाहुण्याला पॅसेजमध्ये गादी टाकून द्यावी तसा तो पडलेला. लढाया, तह, किल्ले सगळं साग्रसंगीत झालं की उरल्यासुरल्या दिवसांत “ना.शा. घरी वाचून या” म्हणायचं नि मोकळं व्हायचं. पीटीच्या सरांना कवायतीला तास कमी पडला की ते माझ्याच दाराशी उभे. मीही द्यायचे, कुरकुरत.

यंदा मात्र आमच्या संस्थेने ठरवलं की पहिलीपासून दहावीपर्यंत सगळ्यांना नागरिकशास्त्र सक्तीचं. वेगळा तास, वेगळे गुण आणि शिवाय प्रात्यक्षिक. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. “तुमचाच विषय आहे, तुम्हीच बघा,” म्हणाल्या, आणि त्याच दमात, “फोटो तेवढे नीट काढा हं, संस्थेला पाठवायचेत.” मी इतकी हरखले होते की फोटोंचं मला तेव्हा काही वाटलं नाही. घरी जाताना लालबागच्या मिरची कुटणाऱ्या गल्लीतून शिंकत शिंकत चालले होते, तरी मनात तासांची आखणी चालूच.

पहिलं प्रात्यक्षिक मी आठवी ‘ब’ला दिलं. वर्गप्रतिनिधी निवडायचा, तोही खराखुरा. अर्ज भरायचे, भाषणं करायची, चिठ्ठ्यांनी गुप्त मतदान करायचं. आजवर वर्गप्रतिनिधी म्हणजे बाईंना जो दिसेल तो उंच मुलगा. म्हटलं, पोरांना एकदा कळू दे मत म्हणजे काय ते.

दोन अर्ज आले. एक मुलाचा. हा मुलगा म्हणजे वर्गाचा लाडका. आवाज मोठा, मन त्याहून मोठं. गणपतीत त्यांच्या चाळीच्या मंडळाच्या रांगेत दोरी धरून उभा असतो, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ओळखतो. त्याचे वडील मंडळाचे कार्याध्यक्ष, आणि आमच्या शाळेच्या कमिटीतले एक गृहस्थ त्यांच्याच मंडळात उठबस असलेले. दुसरा अर्ज एका मुलीचा. परळच्या चाळीतली, बुटकी, जरा तुटक बोलणारी. तिच्या घरी भिंतीवर संविधानाची उद्देशिका फ्रेम करून लावली आहे आणि आजोबांनी ती तिच्याकडून लहानपणीच पाठ करून घेतली आहे. ती म्हणताना कुठे श्वास घ्यायचा तेसुद्धा तिला माहीत आहे.

“तुला का उभं राहायचंय?” मी विचारलं.

“तिसऱ्या माळ्यावरचं मुलींचं टॉयलेट उघडायला,” ती म्हणाली.

आमची आठवी, नववी, दहावी तिसऱ्या माळ्यावर. तिथल्या टॉयलेटला कित्येक महिने कुलूप आहे. वर पाणी चढत नाही, साफ करायला माणूस नाही, अशी काहीतरी कारणं. मुलींनी मधल्या सुट्टीत तळमजल्यावर जायचं, तिथे प्राथमिकच्या पोरींची ही रांग. तासाला सोडायचं नाही असा नियम. ते कुलूप मी रोज बघत होते, पण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो तसं.

“आमच्या बाटल्या बघा बाई,” ती म्हणाली. “शाळा सुटताना भरलेल्याच असतात. पाणीच पीत नाही आम्ही.” मग आवाज खाली आणून तिने सांगितलं की तिच्या बाकावरची मैत्रीण दुसऱ्यांदा आजारी पडली आहे. लघवीला जळजळ, ताप. डॉक्टरांनी सांगितलंय, भरपूर पाणी पी. “आता शाळेत पाणी प्यायचं तर शाळेतच जायला पाहिजे ना कुठेतरी,” ती म्हणाली. मी म्हटलं, “हे सगळं भाषणात सांग.”

मतदानाच्या दिवशी मी मिठाईच्या खोक्याला चीर पाडून मतपेटी केली, बोटाला लावायला शाईचं पॅड घेतलं, मोबाइल चार्ज केला आणि वर गेले. वर्गात पाऊल टाकलं तर टाळ्या. फळ्यावर रंगीत खडूने नावं, त्यांच्यापुढे पदं. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, चिटणीस, खजिनदार. वर्गाच्या तिजोरीत खडकू नाही, पण खजिनदार दोन. आणि अगदी खाली, वेलबुट्टी काढून, सल्लागार. सल्लागारापुढे त्या मुलीचं नाव.

“बाई, बिनविरोध,” सगळे एका सुरात म्हणाले. मुलाने दप्तरातून नारळ काढून माझ्या हातात दिला.

आता गिरणगावात राहणाऱ्या माणसाला हे सांगायला नको. आमच्याकडे मंडळाची निवड म्हणजे अशीच. आधी जिन्यावर, गॅलरीत, नळावर बैठका होतात, रुसवेफुगवे होतात, मग सभेत सगळं बिनविरोध. जो जास्त कुरकुर करतो त्याला सल्लागार करायचं. फलकावर त्याचं नाव येतं, कामात त्याला कुणी विचारत नाही. या पोरांनी जे रोज बघितलं तेच केलं, आणि मधल्या सुट्टीत जिन्यात बसून इतकं टापटीप केलं की मोठ्यांनी शिकावं.

मी पोरीकडे बघितलं. ती शांत होती.

“तू अर्ज मागे घेतलास?”

“हो बाई.”

“कुणी दबाव आणला?”

“नाही बाई. ठरलं.”

“काय ठरलं?”

तिने मुलाकडे बघितलं. मुलाने स्वतःच्या पायाकडे. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “ते बाहेर सांगायचं नाय, बाई.”

मी नारळ टेबलावर ठेवला. पुस्तक काढून बघितलं. एकच अर्ज उरला तर तो उमेदवार बिनविरोध निवडून आला असं समजतात. म्हणजे पोरांचं नियमाप्रमाणे बरोबर. मग मला हे का खटकतंय? एका मुलीने एक गोष्ट मागितली आणि तिच्या हातात सल्लागारपद ठेवून तिला बसवलं, हे बरोबर कसं? पण ती स्वतः तर काही म्हणत नाही. पण म्हणेल कशी, सगळा वर्ग एका बाजूला असताना? मी नुसती इकडून तिकडे फिरत राहिले.

घरी आमच्या ह्यांना सांगितलं. ह्यांनी चाळीच्या मंडळाचं चिटणीसपद इतकी वर्षं सांभाळलंय की मला कधीकधी वाटतं, आमचं लग्नही बिनविरोधच झालं असावं. हे हसायला लागले. “शाब्बास पोरांची,” म्हणाले.

“अहो, हसताय काय? ही काय लोकशाही झाली?”

हे गावच्या बोलीवर आले, म्हणजे विषय गंभीर. “बिनविरोध म्हणजे भांडाण झालां नाय असां नाय गो. झालां, पण आधीच झालां नि मिटलां. इलेक्शन घेतलंस तर भांडाण उद्यापासून सुरू. एकाच जिन्यान चढूचा-उतरूचा आसा सगळ्यांका.”

“आणि जिला बसवलं ती?”

“ती उगाच बसाची नाय,” हे म्हणाले, आणि टीव्ही लावला. मला त्यांचा इतका राग आला की त्या वाक्याकडे मी लक्षच दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी विचारलं, मतदानाचे फोटो कुठे आहेत. संपलं. मी वर्गात जाऊन सांगितलं, बिनविरोध वगैरे काही चालणार नाही, मागे घेतलेला अर्जही मी धरणार, मतदान होणार. मुलगी उभी राहिली. “बाई, राहू दे ना,” म्हणाली. मी तिला म्हटलं, “घाबरू नकोस. मत गुप्त असतं. तुला कोण देतंय ते कुणालाच कळणार नाही.” ती खाली बसली. मला तेव्हा वाटलं होतं, आपण तिच्या पाठीशी उभ्या आहोत.

मतदान झालं, आणि काय देखणं झालं म्हणून सांगू. रांग, शाई, पडद्याआड चिठ्ठी. पडदा म्हणजे माझी जुनी ओढणी. फोटो असे आले की संस्थेने ते प्रत्येक ग्रुपवर फिरवले. मुलगा निवडून आला. तिला इतकी कमी मतं पडली की मी आकडा वाचलाच नाही, नुसता निकाल सांगितला. वर्गात मुली निम्म्याहून जास्त. मला कळेना. ज्या पोरी पाणी पीत नाहीत त्यांनी तिला मत का देऊ नये?

तिच्या बाकावरची मैत्रीण ताप उतरून शाळेत आली होती, तिलाच बाजूला घेऊन विचारलं. आधी म्हणाली, मत गुप्त असतं ना बाई. मग म्हणाली, “त्यालाच दिलं सगळ्यांनी. टॉयलेटचं तोच करणार होता ना. ते ठरलं होतं.”

असं होतं ते. तिने अर्ज मागे घ्यायचा, त्याने कुलूप उघडून द्यायचं. त्याचे वडील कमिटीतल्या गृहस्थांना सांगणार, ते मोठ्या बाईंना फोन करणार, की काम फत्ते. आणि हे सगळं बाहेर बोलायचं नाही, कारण बोललं तर मोठ्या बाईंना वाटणार पोरं वरून दबाव आणतात. सल्लागारपद हा नुसता देखावा. पोरीने सौदा केला होता, आणि बऱ्यापैकी पक्का केला होता.

मी मुलाला गाठलं. “अरे, मग कर ना ते काम.”

तो खरंच अडचणीत पडला. वाईट पोरगा नाही तो. म्हणाला, “बाई, ते बिनविरोधचं होतं. आता तर मी निवडून आलोय.”

“म्हणून काय झालं?”

“पोरं बोलतात, जी आपल्या विरोधात उभी राहिली तिचं काम तू कशाला करतोस. आणि पप्पा पण बोलले, बाईंना इलेक्शनच पाहिजे होतं ना, मग आता बाईच सांगतील शाळेत.” मग म्हणाला, “सॉरी बाई.”

विरोधात ती उभी राहिली नव्हती, मी तिला उभी केली होती. निवडून आलेल्याने सगळ्यांचं काम करायचं असतं, हा धडा पुस्तकात आहे, मी तो तोंडपाठ म्हणून दाखवू शकते. पण त्याला कामाला लावणारी गोष्ट मीच काढून घेतली होती, आणि तिच्या जागी शाई लावलेली बोटं दिली होती. आणि तरीही, अजूनही, मला असं म्हणवत नाही की जिन्यातला सौदा बरा. बरा असता तर मग मी शिकवायचं काय? उद्या त्या मुलाच्या वडिलांची ओळख नसती तर कुलूप कुणी उघडलं असतं? मी स्वतःशीच वाद घालते आणि दोन्ही बाजूंनी हरते.

मुलगी माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. एकदा तिने फक्त एवढं विचारलं, “बाई, आधी मला माहीत होतं माझ्याबरोबर कोण आहे. आता कुणाला बोलू?” मी म्हटलं, “मी बोलते.”

आणि बोलले. शिक्षकसभेत, सगळ्यांसमोर, बाटल्यांपासून तापापर्यंत सगळं सांगितलं. माझा आवाज जरा चढला, चढू दिला. वाटलं होतं कुणीतरी अडवेल, मग भांडायचीच तयारी होती. कुणी अडवलं नाही. माना डोलल्या. पीटीच्या सरांनी तर “अगदी योग्य मुद्दा” म्हटलं. मोठ्या बाई म्हणाल्या, “किती तळमळीने मांडलंत. आपण मुलींच्या सुविधांसाठी समितीच नेमू या, आणि प्रमुख तुम्हीच.” टाळ्या झाल्या. सर्वानुमते मंजूर. किल्लीचं काय, असं मी विचारणार होते, तोवर सभा वार्षिक सहलीवर गेली.

त्यानंतर मी केबिनमध्ये दोनदा जाऊन आले. समितीचा अहवाल येऊ दे, मग बघू, असं उत्तर मिळालं. समितीत मी एकटीच आहे. अहवालही मीच लिहायचा, आणि तो वाचून बघायचं की नाही ते मोठ्या बाईंनी ठरवायचं.

परवा शाळा सुटताना ती जिन्यात भेटली. पोरं धडाधड उतरत होती, आम्ही दोघी कठड्याला लागून उभ्या राहिलो.

“बाई, काय झालं टॉयलेटचं?”

“अगं, समिती नेमली आहे. मला प्रमुख केलंय,” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. चाळीतल्या बाया एकमेकींकडे नळावर बघतात, तसं.

“म्हणजे तुम्ही पण सल्लागार,” ती म्हणाली.

एवढं बोलून ती दोन पायऱ्या खाली उतरली. दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात तिची बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली.