न्यायाधीश मी, वय वर्षं आठ

माझे वडील पुण्यात दिवाणी वकील. लहानपणी दर रविवारी आंघोळी आटोपल्या की आमच्या घरात कोर्ट भरायचं. न्यायाधीश मी, वय वर्षं आठ. अशील कायम एकच: अमेरिका स्वतंत्र झाली तेव्हाचा एक वकील आणि मुत्सद्दी. गरिबीत कायदा शिकला, राजाविरुद्ध उभा राहिला, सगळी माणसं समान म्हणणाऱ्या कागदावर त्याने सही केली. बाबा रंगवून सांगायचे आणि मी पोळपाटावर लाटणं आपटून त्याला निर्दोष ठरवायची. "कोर्टापासून काही लपवायचं नसतं," बाबा बजावायचे. "लपवतो तो वकील नव्हे, भामटा."

जर्मनीत हायडेलबर्गला आल्यावर हेच सगळं मी माझ्या लेकीला सांगितलं. गेल्या महिन्यात तिने शाळेतल्या रेफराटसाठी, म्हणजे वर्गासमोरच्या भाषणासाठी, त्यालाच निवडलं. शोधाशोध कशाला, तिला तो पाठच होता.

घरी आली ती दप्तर दारातच फेकून. "आई, एर हाटे स्क्लावेन!" त्याच्याकडे गुलाम होते. वर्गात कुणीतरी तसं म्हटलं तेव्हा ही हट्टाने भांडली होती, शक्यच नाही म्हणून. मग बाईंनी वाचून दाखवलं. त्याची शेती गुलामच कसायचे, आणि मरताना त्याने ती माणसं गुराढोरांसारखी मुलांत वाटून दिली. पोर भर वर्गात तोंडघशी पडली.

मी तिच्यासमोरच बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं की."

"मग बोलला का नाहीत?"

"अगं, आपल्या अशिलाविरुद्धचा पुरावा कुठला वकील आपणहून देतो?" आणि ते खो खो हसले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो अमेरिकन गेला खड्ड्यात. पण कोर्ट मी होते, आणि या माणसावर मी डोळे मिटून विश्वास टाकला होता. आत्याने आमच्या घराशी नातं का तोडलं, हेही मी फक्त त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. तोही निकाल मी त्यांच्याच बाजूने दिला होता. तेव्हापासून आत्याचं तोंड पाहिलेलं नाही.

"नातीला दे फोन," बाबा अजून हसतच होते. "पुढची गोष्ट सांगतो."

"नको," मी म्हटलं. "बाबा, मला आत्याचा नंबर द्या."

त्यांचं हसू तिथेच थांबलं.