सुतकात टाकलेले जपानी पेले

संस्थानं विलीन झाली त्याच्या पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी धारहून देवासला आले. बाबा धारच्या दरबारात नोकरीला होते. लढाईच्या आधी दरबारानं त्यांना भांड्यांचं काम बघायला जपानला पाठवलं होतं. तिथल्या एका कुंभारानं दिलेले दोन बिनकानाचे पेले त्यांनी मला सासरी जाताना दिले. तपकिरी, ओबडधोबड. लाकडाच्या भट्टीत दिवसचे दिवस भाजताना राख उडून वर बसते, ती वितळून हिरवट ओघळ येतात, असं बाबा सांगत. टिचकी मारली की पेला पितळेसारखा वाजायचा.

दुपारचा चहा आम्ही दोघं त्यांतूनच प्यायचो. मित्र आले की हे स्वतः टिचकी मारून दाखवत, "दगड आहे दगड. थेंबभर पाणी शोषत नाही." मला तेव्हा यांचं केवढं कौतुक वाटायचं!

मग चुलतसासरे गेले. सुतक फिटलं त्या दिवशी रिवाजाप्रमाणे घरातले माठ, घडे बाहेर काढले. पितळ घासून आणि कपबश्या धुऊन परत घ्यायच्या, मातीचं असेल ते टाकायचं. सासूबाईंनी पेले हातात घेतले. बाई न्यायाची होती, उगाच खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "पक्के भाजलेत, कपबशीसारखेच. वाजवून बघा."

त्यांनी लेकाकडे बघितलं. "तू सांग रे. धुऊ की फेकू?"

ओसरीवर आत्याबाई, चुलत दीर, सगळे बसलेले. बायकोची बाजू घेतो असं कुणी म्हणू नये, एवढीच यांना काळजी. इंदूरच्या वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "मातीच आहे ती."

मोलकरणीनं माठांबरोबर पेलेही नेले. नंतर मला म्हणतात कसे, "दोन पेल्यांसाठी घरात वाद कशाला?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यांना सगळं ठाऊक होतं, हेच मला फार लागलं.

दोन महिन्यांनी बाबा भेटायला आले. चहा कपबशीत आलेला बघून त्यांनी विचारलं, "पेले कुठे गं?" यांची अब्रू राखायला मी खाली मान घालून म्हटलं, "माझ्या हातून फुटले."

समोर बसलेले बाबांचे जावईबापू बशीत चहा ओतत म्हणाले, "हिला किती वेळा सांगितलं होतं, जपून वापर म्हणून."