पायवाटेचा अर्ज

माझं अक्षर चांगलं आहे, आणि त्याचा लोकांना फार त्रास झाला आहे. कृष्णाकाठच्या एका हायस्कूलात मी मास्तर होतो तेव्हा आसपासच्या गावांतला कुठलाही अर्ज माझ्याकडेच येई. विहिरीचा, विजेचा, जावयाच्या बदलीचा. मी सांगलीहून आलेला, म्हणजे मला सगळं कळतं अशी लोकांची समजूत होती. माझी तर खात्रीच होती.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता आणि सरकारला रस्ते रुंद करायची हौस आली होती. शेजारच्या गावाहून आमच्या हायस्कूलला येणारा तीन मैलांचा रस्ता त्या हौसेत सापडला. रस्त्याच्या कडेला, बाभळींच्या रांगेपलीकडे मातीची एक पायवाट होती. त्या गावातल्या नऊ मुली रोज तिच्यावरून शाळेत येत. मीही सायकल तिच्यावरूनच काढी, कारण डांबरावरचे उसाचे ट्रक माझ्या घंटीला भीक घालत नसत.

एके सकाळी बाभळींच्या बुंध्यांवर चुन्याच्या खुणा दिसल्या, आणि त्या दिवशीच त्या गावचे सुभेदार शाळेत हजर झाले. लष्करातून पेन्शनीवर आलेले, मिशी अजून नोकरीत असलेले. त्यांची धाकटी लेक माझ्या नववीच्या वर्गात होती आणि वर्गात पहिली होती.

"आवं मास्तर, पायवाट चालली की! तिच्यावरनं जाती म्हून पोरीला शाळंत धाडतोय. ट्रकाच्या चाकापुढनं न्हाई धाडायचा मी. अर्ज लिवा."

मी चार पानं लिहिली. 'पादचारी व सायकलस्वार' हे शब्द लाल शाईने अधोरेखित केले. खात्याचे साहेब जीपमधून आले आणि जीपमध्येच बसून त्यांनी अर्ज वाचला. खाली उतरून चालायचा प्रश्नच नव्हता.

"चालणाऱ्यांना रस्ता कशाला लागतो?" ते म्हणाले. "ते कुठूनही चालतात."

एवढं ज्ञान आम्हाला फुकट मिळालं. पण माणूस वाईट नव्हता. म्हणाले, रहदारी मोजून घेतो. जास्त निघाली तर रुंदी वाढेल, आणि रुंदी वाढली तर तुमची पायवाटही बसवू.

मोजणीच्या आदल्या दिवशी क्लार्क आला. त्याने मला आणि सुभेदारांना छापील तक्ता दाखवला. ट्रक, एसटी, मोटारसायकल, बैलगाडी, सायकल, सगळ्यांना रकाने होते. दोन पायांवर जाणाऱ्याला नव्हता.

"रकाना न्हाई, पर लय माणसं चालताना दिसली तर खाली शेरा मारतो," तो म्हणाला.

शेरा! खालच्या कोपऱ्यातल्या शेऱ्यावर समाधान मानायला मी काय साधा मास्तर होतो? मी सुभेदारांना बाजूला घेतलं आणि माझी युक्ती सांगितली. गावातल्या सगळ्या बैलगाड्या बाहेर काढायच्या, दिवसभर रस्त्यावरून फिरवायच्या. मुलींनाही गाड्यांतच बसवायचं, म्हणजे त्या रकान्यात येतील. रहदारी वाढली की रुंदी वाढली, आणि रुंदीत पायवाट आलीच. सुभेदारांनी टाचा जुळवल्या. मग म्हणाले, "तुमची ऑर्डर, मास्तर."

दुसऱ्या दिवशी तीन मैलांत बैलांच्या घुंगरांशिवाय काही ऐकू येत नव्हतं. सुभेदार शिट्टी तोंडात धरून गाड्या सोडत होते. एक गाडीवान इतक्या फेऱ्या मारून गेला की क्लार्क त्याला रामराम करू लागला. नऊ मुली आयुष्यात पहिल्यांदा गाडीतून शाळेला आल्या, उसाच्या कांड्या खात. मी स्वतः चार वेळा सायकलवरून गेलो, दर वेळी टोपी बदलून. पायी एक माणूस फिरकला नाही, याची आम्ही चोख व्यवस्था केली होती.

यश मिळालं. एवढी वाहनं पाहून साहेबांनी रस्ता आणखी रुंद केला. बाभळी पडल्या, पायवाट डांबराखाली गेली, आणि डांबर थेट दोन्हीकडच्या चरांना जाऊन भिडलं. उद्घाटनाला पुढारी मोटारीतून आले. गावाची प्रगती वेगाने होत आहे, असं म्हणाले. ट्रक तर खरोखरच वेगाने धावू लागले.

गळिताचा हंगाम सुरू झाला आणि पंधरा दिवसांत एका ट्रकाबाहेर आलेल्या उसाने एका मुलीचं दप्तर ओढून नेलं. मुलगी चरात पडली म्हणून वाचली. त्या आठवड्यात नऊच्या चार झाल्या, आणि सुभेदारांची लेक त्या चारांत नव्हती.

मी त्यांच्या घरी गेलो. समजूत घालायची भाषणं तयारच होती. सुभेदारांनी मला बोलूच दिलं नाही. "तुमी लय केलं आमच्यासाठी, मास्तर," ते म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

लेक चहा घेऊन आली. कप ठेवून तशीच उभी राहिली.

"सर, मोजणीच्या दिवशी आमी रोजच्यावाणी चालत आलो असतो, तर त्या क्लार्कनं शेरा मारला असता, व्हय?"

वर्गात ती असाच प्रश्न विचारायची, उत्तर आधी काढून ठेवून.

"मारला असता," मी म्हणालो.

तिने मान डोलावली आणि आत गेली. मला माझी लाज वाटली. चहा संपवून मी उठलो. त्या रुंद, गुळगुळीत रस्त्यावर सायकलवर बसायचं धाडस मला झालं नाही. ती हातात धरून, दर ट्रकाला चरात उतरत, मी तीन मैल चालत घरी आलो.