आबांच्या कमळांचा मोर

मंडळी, बारामतीच्या सायबर कॅफेत बसून हे लिहितोय, कारण पणदऱ्याला घरी जायची हिंमत होत नाहीये.

आमच्या आबांकडं, म्हणजे आजोबांकडं, तीन फांद्यांचा चांदीचा जुना विलायती मेणबत्ती स्टँड आहे. फौजेत असताना त्यांनी जुन्या बाजारातून आणलेला. दांड्यावर द्राक्षाचा वेल, पानापानावर शिरा, आणि मेणबत्ती खोचायला वर तीन अर्धवट उमललेली फुलं. फुलं विलायतीच असावीत, पण आबांसाठी ती कमळंच. दर पौर्णिमेला बुद्धमूर्तीपुढं त्यांतच मेणबत्त्या लागतात.

आज पौर्णिमा आहे.

एक फांदी हलत होती, म्हणून इंदापूरच्या एका म्हाताऱ्या सोनाराकडं स्टँड दिला. सांगितलं होतं, "तात्या, फक्त जोडा." आज आणायला गेलो तर फुलं गायब! त्यांच्या जागी वात लावायच्या पसरट वाट्या, आणि मधोमध समईवर असतो तसा मोर.

"तात्या, हे काय केलंत?"

"देवापुढचं हाय न्हवं? तितं मेणबत्ती शोभती व्हय? लाइट गेल्यावर लावायची ती! समई करून दिली बघा."

डोकंच फिरलं. आमच्यात मेणबत्तीच लावतात, एकदा विचारायचं तरी! भरपूर ओरडलो. शेवटी म्हटलं, "ती फुलं द्या परत, दुसरीकडून बसवून घेतो."

तात्या कौतुकानं मोराकडं बघत म्हणाले, "ती कुठनं देऊ? ती वितळवूनच तर मोर केलाय."

मोर पिशवीत आहे. आबा आत्ता अंघोळ करून, मेणबत्त्या काढून वाट बघत बसले असतील. त्यांना काय सांगू, तुम्हीच सांगा.