बिनकाट्याच्या फाकी

न्हाऊन आलेल्या पोराचं डोकं पुसावं तसे ते मासा पुसत. जुन्या धोतराचा मऊ तुकडा, त्यानं पोट, पाठ, कल्ले, सगळं टिपून घेत आणि म्हणत, "आधी कोरडा करा भाऊ, मंग बाकीनं बठ्ठं."

त्यांचं नाव लिहीत नाही. आमच्या अमळनेरच्या गल्लीत सगळे त्यांना आप्पा म्हणत. एस.टी.त ड्रायव्हर होते, चोपड्याच्या गाडीवर. निवृत्त झाल्यावरही तापीचा काठ सुटला नाही. पहाटे गळ घेऊन जात आणि ऊन चढायच्या आत परत येत. बायको आधीच गेली होती, मुलगा सुरतेला. समोरासमोर आमची घरं.

आमच्याकडे मटण-मासे शिजवायचे ते पुरुषांनी, घराबाहेर, वेगळ्या भांड्यांत. माझी बायको तर माळकरी, मी खातो हे तिला ठाऊकच नव्हतं. तेव्हा आप्पांच्या परसात तीन विटांची चूल आणि एक काळा तवा, एवढाच आमचा संसार. मासा मधोमध चिरून, काटा सोडवून ते दोन लांब फाकी काढत. मीठ-हळद-लिंबू तवा तापल्यावरच लावायचं, मग लसूण-मिरची, आणि कातडीची बाजू खाली. मी उलथनं उचललं की हात धरत. "घाई नका करू. मासा सोताच तवा सोडस."

त्या फाकी माझ्यासाठी असत. पहिल्याच खेपेला माझ्या घशात काटा अडकला होता. तेव्हापासून बोटं फिरवून फिरवून एकेक काटा ते शोधत आणि स्वतः मात्र डोकं-शेपूट घेऊन बसत. "मन्हा दात काटासाठेच शेतस," म्हणत. गल्लीला वाटे, आप्पा खादाड. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही तसंच वाटलं असतं. त्यांच्यापुढे काट्यांचा ढीग असे.

एका उन्हाळ्यात बायको पारोळ्याला माहेरी गेली होती. मोठा मासा लागला, एका बैठकीत संपेना. आप्पांकडे फ्रिज नव्हता. मी म्हणालो, आमच्यात ठेवू.

"अक्काले इचारं ना?"

"विचारलं," मी म्हणालो. विचारलं नव्हतं.

त्यांनी डब्यात बर्फ घातला, बर्फावर जाळी आणि जाळीवर कापडात गुंडाळलेल्या फाकी, वितळलेल्या पाण्यात मासा भिजू नये म्हणून. झाकण घट्ट लावलं. वास यायचं कारणच नव्हतं. पण बायको दुसऱ्या दिवशी सकाळीच परतली आणि दह्याचं पातेलं ठेवायला तिनं नेमका तोच डबा हलवला.

आप्पा तेव्हा दारातच होते. ती माझ्याकडे वळायच्या आत म्हणाले, "डबा मीच ठेयेल व्हता अक्का. भाऊले काही म्हाईत नही."

"देवाचं दूध असतं हो फ्रिजमध्ये," एवढंच ती म्हणाली. मी उभा होतो.

फ्रिज अंगणात काढून गरम पाण्यानं धुतला, दार उघडून उन्हात ठेवला. पाण्याच्या बादल्या मी आणि आप्पांनी मिळून आणल्या. त्या दिवसापासून त्यांचा चहा बाहेर, ओट्यावर, वेगळ्या कपात. ते शेवटपर्यंत तिथंच बसले. मी एकदा विषय काढला तर म्हणाले, "राहू द्या भाऊ, ओट्यावर हवा बरी लागस." आणि पुढच्या रविवारी माझ्यासाठी फाकी तयार होत्याच.

मागच्या हिवाळ्यात आप्पा गेले. परवा जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. मासे मीही खात होतो, डबा ठेवायला मीच सांगितलं, हेही.

तिनं हातातला घास ताटात ठेवला.

"काटे काढून द्यायचे तुम्हाला?"

"हो."

"आणि मी त्यांना दिवाळीलासुद्धा घरात या म्हटलं नाही." ताट तिनं बाजूला सारलं. "तुम्ही सांगून मोकळे झालात. आता मी कोणाला सांगू?"

मी खिडकीतून समोर पाहिलं. दाराला कुलूप होतं.